पुणे ते बीड दुचाकीवर: लांबच्या प्रवासाची तयारी कशी करावी, अंग आणि डोके ताजे कसे ठेवावे?

दिवाळी, गावची जत्रा किंवा घरचे लग्न जवळ आले की चाकण, रांजणगाव, भोसरी, वाघोली भागात कामाला असलेली बीड जिल्ह्यातील मंडळी गावाकडे निघतात. परळीला रेल्वे जुनी आहे, पण बीड शहरात अहिल्यानगरहून प्रवासी गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. सणाच्या दिवसांत एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि खासगी ट्रॅव्हल्सचे भाडे वाढलेले असते. मग दाराशी उभी असलेली १०० किंवा १२५ सीसीची गाडीच बाहेर निघते. मागे घरचे माणूस, मध्ये बॅग आणि पुढे साधारण अडीचशे किलोमीटरचा रस्ता.

हा प्रवास हौसेचा नसतो, गरजेचा असतो. त्यामुळे 'रायडिंग गिअर', महागडी जॅकेटे यांचा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही. रोजच्याच गाडीवर, बेताच्या खर्चात काय करता येईल ते या लेखात पाहूया. एक गोष्ट सुरुवातीलाच: लांबच्या प्रवासात आराम ही चैन नाही. थकलेला माणूस उशिरा ब्रेक दाबतो, समोरच्या वाहनाचा अंदाज चुकवतो आणि डुलकी घेतो. अंग न दुखता पोहोचण्याचे जे उपाय आहेत, तेच बहुतेक वेळा सुखरूप पोहोचण्याचेही उपाय आहेत.

रस्ता कोणता?

पुण्याहून शिक्रापूर, शिरूर, सुपामार्गे अहिल्यानगर (बोलीभाषेत अजूनही नगर) हा पहिला टप्पा जवळपास सव्वाशे किलोमीटरचा. रस्ता रुंद आहे, पण शिरूरपर्यंत कारखान्यांची अवजड वाहतूक सतत असते.

नगरपासून पुढे दोन मुख्य वाटा आहेत.

- करंजी घाट, पाथर्डी, खरवंडीमार्गे गेवराई तालुक्यातील गढी आणि तिथून धुळे–सोलापूर महामार्गाने बीड. गढीपर्यंतचा रस्ता कल्याणहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे, तर धुळे–सोलापूर रस्ता म्हणजे महामार्ग ५२.
- कडा, आष्टी, जामखेड, सौताडा, पाटोदामार्गे मांजरसुंबा आणि तिथून बीड. केज, अंबाजोगाईकडे जाणाऱ्यांना मांजरसुंब्याहूनच वळता येते, बीड शहरात शिरावे लागत नाही.

दोन्ही वाटांवर बालाघाटच्या डोंगररांगा आडव्या येतात, म्हणून घाट-वळणे आहेत. निघण्यापूर्वी नुकत्याच त्या वाटेने आलेल्या ओळखीच्या माणसाला फोन करून रस्त्याचे काम, खड्डे, पर्यायी वळणे विचारून घ्या. मोबाइलच्या नकाशावर अंतर दिसते, पण रस्ता किती उखडला आहे ते दरवेळी दिसत नाही.

आणखी एक खबरदारी. समृद्धी महामार्ग आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग या दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. बीडहून मुंबई किंवा नागपूरकडे जाणाऱ्यांनी हे धरूनच वाट ठरवावी.

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी नको

बहुतेक जण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजला लावतात. ते टाळा. चेन जास्त ताणली गेली, ब्रेक घासत राहिला, एखादा बोल्ट सैल राहिला, तर ते गाडी चालवल्यावरच कळते. सात-आठ दिवस आधी सर्व्हिसिंग करा, कामावर जाताना शंभरेक किलोमीटर चालवा आणि काही खटकले तर पुन्हा दाखवा.

स्वतः तपासण्याच्या गोष्टी अशा:

- टायर: खोबणींमध्ये झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला असेल तर तो बदलायला झाला आहे. बाजूला तडे किंवा फुगवटा असेल तर लांब जाऊच नका.
- हवा: एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या टायरचा दाब वेगळा असतो. तो चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो. टायर थंड असताना हवा तपासा.
- चेन: खालच्या बाजूने मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण २ ते ३ सेंटीमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. डबलसीट बसल्यावर चेन आणखी ताणते, म्हणून ती फार घट्ट ठेवू नका.
- वायर: क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरचे धागे तुटू लागले असतील तर दोन्ही बदला. आडरानात वायर तुटली तर निम्मा दिवस जातो.
- दिवे: हेडलाइटचे अपर-डिपर, मागचा दिवा, ब्रेक लाइट आणि चारही इंडिकेटर.
- ब्रेक: २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोड-ब्रेक असतो. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण तो 'थोडा'च असतो. गाडी पूर्ण ताकदीने थांबवायला दोन्ही ब्रेक एकत्र दाबावे लागतात.

दोन चुकीच्या समजुती

पहिली: 'उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी.' प्रत्यक्षात उलटे आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, प्रत्येक फेरीला जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानेच अधिक तापतो. स्टिकरवरचा दाब उन्हाळा धरूनच ठरवलेला असतो.

दुसरी: 'इंजिन गार व्हावे म्हणून मध्ये थांबावे लागते.' ऑइल ठीक असलेले चारस्ट्रोक इंजिन वाऱ्यावर थंड होत राहते. ते तासन् तास चालू शकते. थांबायचे ते माणसासाठी. तापलेल्या इंजिनवर किंवा डिस्क ब्रेकवर गार पाणी तर कधीच ओतू नका.

सामान आणि गावाकडून येणारे पोते

पाठीवरची जड सॅक हे खांदेदुखीचे आणि पाठदुखीचे सर्वात मोठे कारण. सॅक घालायचीच असेल तर पट्टे थोडे सैल करा, म्हणजे तिचा तळ सीटवर टेकेल आणि वजन खांद्यावर लोंबकळणार नाही. त्याहून बरे म्हणजे सामान मागच्या कॅरिअरवर किंवा सीटवर रबरी दोराने दोन्ही बाजूंनी घट्ट बांधणे. दोराचे मोकळे टोक आणि हुक चाकापासून लांब हवेत.

जाताना बॅग हलकी असते, खरी गंमत परतताना होते. आई ज्वारीचे पोते, तुरीची डाळ, शेंगा, लोणच्याची बरणी असे सगळे बांधून देते. पोते पेट्रोलच्या टाकीवर आडवे टाकले की हँडल पूर्ण वळत नाही आणि घाटातल्या वळणावर ते लक्षात येते. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहा. कुठेही अडत असेल तर पोते एसटीच्या पार्सलने पाठवा. आई रागावणार नाही.

बसायचे कसे?

लांबच्या प्रवासात दुखते ते मुख्यतः एकाच अवस्थेत राहिल्याने.

- कोपर किंचित वाकलेले, खांदे खाली सोडलेले ठेवा. हात ताठ असले की प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट मानेत जातो.
- गुडघ्यांनी टाकी हलकेच धरा. त्यामुळे शरीराचा तोल हातांवर येत नाही.
- हँडल आवळू नका. बोटांना मुंग्या येत असतील तर मूठ सैल करा. साधे हातमोजेसुद्धा थरथर थोडी कमी करतात आणि पडल्यावर तळहात वाचवतात.
- घट्ट जीन्सची जाड शिवण दोन तासांनी टोचायला लागते. सैल, पण वाऱ्याने न फडफडणारी पँट आणि सुती अंतर्वस्त्रे बरी.
- चप्पल नको. घोटा झाकणारा बूट हवा.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच घ्या. आकार असा हवा की हेल्मेट हलवल्यावर गालाची कातडीही सोबत हलेल. सैल हेल्मेट वाऱ्याने मागे ओढले जाते आणि शंभर किलोमीटरमध्ये मान धरते. कपाळावर एकाच जागी टोचणारे हेल्मेट डोकेदुखी देते. म्हणून नवे हेल्मेट आधी आठवडाभर शहरात वापरा.

मागे बसणाऱ्याचा विचार

चालवणाऱ्याला निदान रस्ता दिसत असतो. मागच्याला खड्डा आधी कळत नाही, म्हणून त्याचे अंग जास्त आंबते. खड्डा किंवा गतिरोधक आला की सांगण्याची सवय ठेवा. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचे आहे.

साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात अडकून होणारे अपघात भीषण असतात. साडी-गार्ड काढून टाकलेले असेल तर पुन्हा बसवा. पदर खोचून वरून जुना शर्ट किंवा जॅकेट घालणे हा सोपा उपाय आहे. एका बाजूला पाय सोडून बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे लांबच्या प्रवासात जास्त सुरक्षित आणि कमी त्रासाचे.

चार वर्षांखालील मूल सोबत असेल तर नियमानुसार त्याला मोठ्यांच्या शरीराशी जोडणारा सुरक्षापट्टा हवा, ९ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. खरे तर इतक्या लहान मुलाला अडीचशे किलोमीटर दुचाकीवर नेण्याऐवजी आई आणि बाळाला एसटीने पाठवणेच योग्य.

अनेक महिला वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून डोकेदुखी, चक्कर आणि लघवीचा संसर्ग असे त्रास होतात. त्यामुळे थांबे ठरवताना मोठा पेट्रोल पंप किंवा बसस्थानक पाहूनच ठरवा. पंपावरील स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी मोफत असते, पेट्रोल भरले नाही तरी.

थांबे आधीच ठरवा

'दमलो की थांबू' हे नियोजन नव्हे. दमल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. दर तासाने किंवा ५०–६० किलोमीटरला दहा मिनिटे उतरायचेच, असे ठरवा. हेल्मेट काढा, चाला, कंबर मागे वाकवा, मान सावकाश फिरवा, पाणी प्या.

सकाळी ६ वाजता पुण्याहून निघाल्यास साधारण असे जमते:

- शिरूर: पहिला थांबा, चहा-नाश्ता
- अहिल्यानगर: दुसरा थांबा, पेट्रोल आणि टायरवर एक नजर
- पाथर्डी किंवा आष्टी: तिसरा थांबा, हलके जेवण
- गढी किंवा मांजरसुंबा: शेवटचा छोटा थांबा

ताशी सरासरी ४५ किलोमीटर धरले तर गाडीवर साडेपाच तास आणि थांब्यांचा सव्वा तास. म्हणजे दुपारी एकच्या सुमारास घरी.

थांबे टाळून आणि वेग वाढवून किती वेळ वाचतो? अडीचशे किलोमीटर सरासरी ४५ ऐवजी ५० ने कापले तर फक्त अर्धा तास. आणि सरासरी ५० पडण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ८०–८५ ने गाडी पळवावी लागते.

अमेरिकेत 'आयर्न बट असोसिएशन' नावाची संस्था आहे. २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटर दुचाकी चालवणाऱ्यांची ती नोंद ठेवते. इतके अंतर कापणाऱ्यांना तिचा सल्लाही असाच आहे: भरधाव वेगाच्या मागे लागू नका, आपली मर्यादा ओळखा आणि झोप येत असेल तर थांबून झोपा.

ऊन, थंडी, पाऊस

एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा ४० अंशांच्या वर जातो. हवा शरीरापेक्षा गरम असली की वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. घाम आल्या आल्या सुकतो, म्हणून पाणी कमी होत असल्याचे कळतही नाही. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, मानेभोवती ओला पंचा गुंडाळा आणि प्रत्येक थांब्यावर किमान एक पेला पाणी प्या. ताक, लिंबू-सरबत किंवा ओआरएस उत्तम. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. चक्कर, मळमळ, बोलताना गोंधळ ही उष्माघाताची चिन्हे आहेत. लगेच सावलीत थांबा, अंग ओले करा, मदत बोलवा. शक्यतो सकाळी ११ च्या आत बरेचसे अंतर कापा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटे इतकी बधिर होतात की ब्रेक नीट दाबता येत नाही. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवण्याचा जुना उपाय आजही चालतो, कारण तो वारा अडवतो.

पावसाळ्यात दोन धोके खास इकडचे. एक, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर सांडलेली काळी माती. ओली झाली की ती साबणासारखी होते. तिच्यावर ब्रेक दाबू नका, आधीच वेग कमी करून सरळ रेषेत पुढे जा. दुसरा, फरशी पूल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यातील अनेक पूल पाण्याखाली गेले होते. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही कमी वाटले तरी गाडी घालू नका. खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही.

रात्री का निघू नये?

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. बीड जिल्ह्यातील लाखो लोक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्याच काळात नगर आणि बीडच्या रस्त्यांवर उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस आणि पुष्कळदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असते.

आता थोडे गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण ४० मीटर लागतात. एकूण सत्तरहून अधिक. डिपरवर असलेल्या साध्या हेडलाइटमध्ये न चमकणारी गडद वस्तू बऱ्याचदा ४०–५० मीटरवर आल्यावरच दिसते. म्हणजे ट्रॉली दिसेल तेव्हा थांबण्याइतके अंतर उरलेलेच नसते. वेग ५० असेल तर सुमारे ४० मीटरमध्ये थांबता येते.

म्हणून नियम सोपा आहे: उजेड जिथवर पोहोचतो, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग. समोरून अपर लाइट आला तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा आणि वेग कमी करा. पहाटे आणि तिन्हीसांजेला रोही, हरणे, रानडुकरेही रस्ता ओलांडतात. एक गेले की मागे दुसरे असतेच.

रात्रपाळी करून थेट गाडीवर?

कंपनीतून सकाळी सातला सुटायचे आणि तसेच गावाकडे निघायचे, हा अनेकांचा शिरस्ता आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दिसले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. भारतात वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आदल्या दुपारी उठून रात्रपाळी केलेला माणूस थेंबही न घेता 'पिऊन' गाडी चालवत असतो.

डुलकी तीन सेकंदांची असली तरी ताशी ६० च्या वेगात गाडी ५० मीटर जाते. मागची काही किलोमीटर आठवत नाहीत, गाडी आपोआप कडेला सरकते, मान जड होते, ही आधीची चिन्हे. गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे हे काही मिनिटांचे उपाय आहेत. खरा उपाय एकच: सुरक्षित जागी गाडी लावून १५–२० मिनिटे झोपणे. आधी चहा किंवा कॉफी घेतली तर उठेपर्यंत तिचा असर सुरू होतो.

आणि घरून वाईट निरोपाचा फोन आला असेल तर? अशा वेळी माणूस सर्वात वेगाने आणि सर्वात कमी भानावर गाडी चालवतो. एसटी, ट्रॅव्हल्स किंवा मित्राची चारचाकी पाहा. तेही जमत नसेल तर एकट्याने निघू नका.

सोबत काय असावे?

- लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमधील प्रती चालतात.
- क्लच वायर, प्लग, पाने, ट्यूब असलेल्या टायरसाठी जादा ट्यूब
- दोन लिटर पाणी, शेंगदाणे-गूळ, केळी. पोटभर मटण-भाकरी घरी पोहोचल्यावर.
- पट्टी, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटे, नेहमीच्या गोळ्या
- खिशात कागदावर रक्तगट आणि घरच्यांचा क्रमांक. अपघातात मोबाइल फुटू शकतो किंवा लॉक असतो.

अपघात झाला तर

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही, कायद्याने तसे संरक्षण दिले आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या 'राहवीर' योजनेत २५,००० रुपयांचे बक्षीस आहे. दुसऱ्याची गाडी पडलेली दिसली तर घाबरून पुढे जाऊ नका.

निघण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न

- काल रात्री किमान सहा-सात तास झोप झाली आहे का?
- दिवस मावळायच्या आत पोहोचता येईल का?
- हँडल पूर्ण फिरते का, हवा डबलसीटप्रमाणे भरली आहे का?
- कुठे कुठे थांबणार हे घरी सांगितले आहे का?

एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर तेवढे आधी दुरुस्त करा. आणि घरच्यांनीही दर अर्ध्या तासाला 'कुठवर आला?' असा फोन करू नये. थांब्यावर पोहोचला की तो स्वतःच करेल.